टेकडीवरचं धुकं

केतकी शेलार हिने आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या होत्या असं तिची बहीण वृंदा म्हणायची: आकडेमोड आणि हट्ट. त्यातल्या पहिल्या गोष्टीवर कराडच्या संशोधन संस्थेत तिला नोकरी मिळाली आणि दुसरीच्या जोरावर तिने तिथे पट उभा केला.

पट म्हणजे दिसायला कॅरमसारखं मोठं टेबल. त्याच्यावर हवेत प्रकाशाचे ठिपके तरंगत. एक ठिपका म्हणजे एक माणूस. औषध घेतलेले रुग्ण न घेतलेल्यांपेक्षा जास्त बरे झाले की त्या जागी पटाचा पृष्ठभाग उंच व्हायचा, कमी झाले की खाली बसायचा, आणि बघताबघता समोर टेकड्या आणि दऱ्या तयार व्हायच्या.

नुसतं चित्र काढणारी यंत्रं पूर्वीही होती. गणित करणारी सॉफ्टवेअरही जुनीच. पण दोघांची घरं वेगळी होती. डॉक्टरने प्रश्न विचारायचा, संख्याशास्त्रज्ञाने तो गणिताच्या भाषेत बसवायचा, उत्तर यायला चार दिवस, त्याचं चित्र व्हायला आणखी दोन. तोवर डॉक्टर आपला प्रश्नच विसरलेला असायचा. केतकीने या दोघांना एका घरात आणलं. तुम्ही बोटाने चित्रातली रेघ सरकवली, समजा फक्त बायका घेतल्या किंवा फक्त पाटण तालुका घेतला, की आतलं सगळं गणित त्याच क्षणी नव्याने व्हायचं आणि टेकडी तुमच्या हाताखाली आकार बदलायची. चित्राला हात लावला की गणित हलायचं. आकड्यांना घाबरणारी माणसंसुद्धा पटासमोर लहान मुलांसारखी रमायची.

त्या पटासमोर वृंदा आपल्या दहा वर्षांच्या मेहनतीचं फळ घेऊन आली.

डॉ. वृंदा केतकीपेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा केतकी शाळेत होती. तिची वेणी घालण्यापासून तिला कॉलेजात घालण्यापर्यंत सगळं वृंदाने केलं. वडील, म्हणजे आबा, एसटीचे ड्रायव्हर. घाटातल्या मुक्कामी गाड्यांवर असायचे. डॉक्टर झाल्यावर वृंदाने कोयनेच्या खोऱ्यात सापांच्या विषाच्या अभ्यासाला स्वतःला वाहून घेतलं. घोणस चावली की विष रक्त बिघडवतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. दवाखान्यात प्रतिविषाचं इंजेक्शन मिळतं, पण डोंगरातल्या वाडीतून दवाखान्यात पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. वृंदाच्या गटाने एक गोळी शोधली होती. साप चावताच, घरीच घ्यायची. ती घेऊन मग दवाखाना गाठायचा. गावात तिला ‘पहिली गोळी’ म्हणत.

तिची चाचणी रीतसर झाली होती. निम्म्या पाकिटांत खरी गोळी, निम्म्यांत तशीच दिसणारी साधी. कुणाला कुठली मिळाली हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. निकाल आला तो धड ना होय, धड ना नाही असा. खऱ्या गोळीची बाजू किंचित वर होती, पण तेवढं वर-खाली नशिबानेही होऊ शकत होतं.

वृंदा पटासमोर उभी राहिली आणि रेघा सरकवू लागली. आधी स्त्री-पुरुष. मग तालुके. मग पाऊसकाळ आणि उन्हाळा, मग पायाला चावलेले आणि हाताला चावलेले. टेकडी कधी किंचित फुगायची, कधी बसायची. केतकी शेजारी उभी राहून कौतुकाने बघत होती. आपल्या ताईचे हात आपल्या यंत्रावर इतके सहज चालताहेत याचंच तिला अप्रूप होतं. संध्याकाळ होत आली तेव्हा वृंदाने वयाची रेघ चाळिशीपाशी आणली आणि चाळिशीपुढच्या लोकांवर एक टेकडी उभी राहिली. अशी ठसठशीत, की दारातून जाणारा शिपाईही थबकला. या लोकांत खरी गोळी घेतलेल्यांची मूत्रपिंडं वाचली होती, साधी घेतलेल्यांची नाही.

वृंदाने बहिणीला मिठी मारली. त्या दिवशी दोघींनी कराडच्या बाजारातून कंदी पेढे घेतले आणि थेट आबांकडे, खळकरवाडीला गेल्या. आबांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, की चाळिशीच्या आतल्यांनी काय पाप केलंय? वृंदा हसली. केतकीही हसली, पण तो प्रश्न तिच्या डोक्यात कुसळासारखा रुतून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच पटाशी गेली. तिने एक साधा खेळ केला. खरी गोळी आणि साधी गोळी या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसून टाकल्या. कुणाला काय मिळालं याचा आता काही अर्थच उरला नाही. हा निव्वळ कचरा होता. यातून टेकडी निघायचं काहीच कारण नव्हतं. मग ती वृंदासारखीच रेघा सरकवत बसली. चहा निवायच्या आत तिला टेकडी सापडली. पस्तिशीच्या आतल्या, हाताला चावलेल्या पुरुषांवर. कालच्याइतकीच देखणी. तिने पुन्हा पिसलं. पुन्हा दुसरीकडे टेकडी.



यातलं शास्त्र नवं नव्हतं. शाळेतल्या एका मुलाने सांगून सलग सात वेळा छापा काढला तर आपण चकित होऊ. पण अख्ख्या शाळेने नाणी उडवली तर कुणाचे तरी सातही छापे पडणारच. त्या पोराला कुणी जादूगार म्हणत नाही. जितक्या वेळा बघाल तितक्या वेळा योगायोगाला संधी मिळते. पूर्वी प्रत्येक बघण्याला चार दिवस लागत, म्हणून माणसं मोजकं बघत. पटाने बघणं फुकट केलं होतं. एका दुपारी वृंदाने शेकडो वेळा बघितलं होतं आणि शेवटचं तेवढं लक्षात ठेवलं होतं. यात तिची लबाडी नव्हती. यंत्रच तसं होतं, आणि ते केतकीने केलं होतं.

पुढचे दोन आठवडे केतकीने दुसरं काही केलं नाही. तिने पटाला स्मरण दिलं. कुणी कुठली रेघ कुठे नेली, काय बघून सोडून दिलं, हे सगळं पट लक्षात ठेवू लागला. मग तो आतल्या आत चिठ्ठ्या हजारो वेळा पिसायचा, त्या कचऱ्यावर तुमच्याच सगळ्या हालचाली जशाच्या तशा करून बघायचा, आणि तपासायचा की एवढी उंच टेकडी काही कारण नसतानाही कितीदा निघते. जितक्या वेळा निघेल तितकं धुकं तो खऱ्या टेकडीवर पसरायचा. पहिल्या स्पर्शाला हवा स्वच्छ. चाचपडत गेलात की धुकं दाट. आणि ते पुसायला कुठलंही बटण नव्हतं.

वृंदाची चाळिशीची टेकडी तिने त्या दुपारच्या, आठवतील तेवढ्या हालचालींसह पुन्हा मांडली. धुक्यात ती जवळजवळ दिसेनाशी झाली.

हे तिने वृंदाला फोनवर सांगितलं नाही, समोर बसवून दाखवलं.  वृंदाने विचारलं, की टेकडी खोटी आहे हे यावरून सिद्ध होतं का? केतकी म्हणाली, नाही, खरी आहे हे सिद्ध होत नाही, एवढंच. वृंदा म्हणाली, की पुढच्या आठवड्यात तज्ज्ञ समिती येतेय, त्यांनी मान्यता दिली तर या पावसाळ्याआधी वाडीवाडीत गोळी पोचेल. गोळीने अपाय होत नाही हे तर चाचणीत दिसलंच आहे. मग द्यायला हरकत काय?

“आणि ती चालत नसेल तर?” केतकीने विचारलं. “लोक गोळी घेऊन निर्धास्त घरी बसतील, ताई. दवाखान्याला उशीर करतील. अपाय तो होईल.”

 वृंदा उठून खिडकीशी गेली, आणि तिथून, बहिणीकडे न बघता, तिने मागणं केलं. समितीपुढे त्या एका दुपारपुरतं धुकं बंद ठेव. खोटं काही दाखवू नकोस, पूर्वी पट होता तसा ठेव.

 जिने केतकीच्या डोक्याला तेल लावून दिलं, तिची फी भरण्यासाठी स्वतःचं एम. डी. दोन वर्षं पुढे ढकललं, तिने आजवर काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच. आणि करायला अवघडही नव्हतं.

“नाही जमणार,” ती म्हणाली. 

वृंदाने पर्स उचलली आणि ती निघून गेली.

समितीत पाच जण होते. अध्यक्ष डॉ. तळपदे, वयस्क, मितभाषी. दुसरे एक सदस्य, सबनीस, पहिल्यापासून गोळीच्या विरोधात होते. घरी घ्यायच्या औषधाने दवाखान्यांची शिस्त बिघडते असं त्यांचं मत. वृंदाने आपलं म्हणणं नेमकेपणाने मांडलं आणि चाळिशीची टेकडी दाखवली, धुक्यासकट. धुक्याबद्दल केतकीने काय सांगायचं ते थोडक्यात सांगितलं.

मग सबनीस पुढे सरसावले. टेकडी तर गेलीच, आता गोळीने उलट नुकसान होतं हेच मी दाखवतो, असं म्हणून त्यांनी रेघा ओढायला सुरुवात केली. थोड्या वेळात त्यांना एक दरी सापडलीही. जावळीच्या बाजूच्या बायकांत खरी गोळी घेतलेल्या जास्त आजारी पडल्या होत्या. पण ते दरीपाशी पोचेपर्यंत ती धुक्याने काठोकाठ भरली होती. सबनिसांनी आणखी जोर लावला, धुकं आणखी दाटलं. शेवटी पटावर धुक्यावाचून काही दिसेना. तळपद्यांनी त्यांचा हात हलकेच बाजूला केला.

“यंत्र कुणाचीच बाजू घेत नाही, हे बरं आहे,” एवढंच ते म्हणाले.

निर्णय लागला तो असा, की गोळीला मान्यता नाही, बंदीही नाही. नवा पुरावा आणा.

वृंदा आणि केतकी एका जिन्याने खाली उतरल्या आणि वेगवेगळ्या रिक्षांनी गेल्या. पुढे काही आठवडे त्या बोलल्या नाहीत. केतकी आबांना फोन करायची तेव्हा आबा ताईची खुशाली आपणहून सांगायचे, मध्ये पडायचे मात्र नाहीत. केतकीला स्वतःच्या निर्णयाबद्दल शंका नव्हती. 

वृंदा स्वस्थ बसलेली नव्हती. राग आला की ती काम करायची. आबांनी पेढा खाताना विचारलेला प्रश्न तीही विसरली नव्हती. चाळिशीत असं काय आहे? शरीरशास्त्रात तर तिला काही सापडेना. मग ती चाचणीतल्या वाड्यांवर फिरली आणि लोकांशी बोलत बसली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तरुण माणसं साप चावतो तेव्हा लांबच्या रानात असतात. गोळी गावातल्या आरोग्यसेविकेच्या, आशाताईंच्या, कपाटात. तिथे पोचेपर्यंत बराच वेळ गेलेला. मोठ्या वयाच्या माणसांना चावतो तो अंगणात, गोठ्यात, सरपणाशी. त्यांना गोळी हाताशी मिळते. प्रश्न वयाचा नसेलच कदाचित. वेळेचा असेल. पण पहिल्या चाचणीत गोळी किती वेळाने घेतली हे कुणी नीट टिपलेलंच नव्हतं, तेव्हा जुन्या माहितीतून ते कळायला मार्ग नव्हता.

एका रविवारी ती केतकीच्या दारात उभी राहिली. चप्पल काढता काढताच बोलू लागली, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, “ती टेकडी पुरावा नव्हती. पण प्रश्न होता, केतू. तो आता नीट विचारायचाय. तू शिकव.”

केतकीने चहा ठेवायचं निमित्त करून डोळे पुसले.

दोघींनी मिळून एकच प्रश्न ठरवला: घोणस चावल्यावर लगेच, दवाखान्याच्या वाटेवर गोळी घेतली तर मूत्रपिंडं वाचतात का? वय नाही, तालुका नाही, बाई-पुरुष नाही. हा प्रश्न आधीच जाहीर केला. पट कुलूपबंद केला. चाचणी संपेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. यावेळी पाकिटं फक्त आशाताईंकडे न ठेवता रानातल्या खोपटांत आणि गोठ्यांतही ठेवली. पुन्हा निम्मी खरी, निम्मी साधी. वृंदाला हे निम्मं फार जड गेलं. गावोगावच्या सभांत ती लोकांना स्वतः सांगायची, की पाकिटात काय आहे मला माहीत नाही, आणि दवाखान्यात मात्र जायचंच.

खळकरवाडीच्या सभेत पहिली सही आबांनी केली.

आषाढात एका सकाळी आबा म्हशीला वैरण काढायला गंजीपाशी गेले आणि पेंढीखालच्या घोणशीने त्यांच्या मनगटावर दात रोवले. त्यांनी साप ओळखला. आरडाओरडा केला नाही. शेजारच्या सूर्यकांतला हाक मारली, गोठ्यातलं पाकीट उघडून गोळी घेतली आणि जीप येईपर्यंत केतकीला फोन लावला. काय झालं ते सांगून विचारलं, की ही गोळी खरी आहे का गं?

 “मला माहीत नाही, आबा,” ती म्हणाली. “कुणालाच माहीत नाही.”

“मग ठीक आहे,” आबा म्हणाले. “तुमचा प्रश्न आहे ना, माझं उत्तरही त्यात धरा.”

वृंदाने उपचार दुसऱ्या डॉक्टरांकडे सोपवले आणि स्वतः बाहेरच्या बाकावर नातेवाइकासारखी बसून राहिली. प्रतिविष मिळालं. तरी दुसऱ्या दिवसापासून आबांची लघवी कमी झाली, अंगावर सूज चढली, डायलिसिसवर ठेवावं लागलं. दोघी बहिणी त्या बाकावर आलटून पालटून झोपायच्या. वृंदाच्या मनात काय चाललंय हे केतकीला न बोलता कळत होतं. समितीने तेव्हा होकार दिला असता तर गोठ्यातल्या पाकिटात आज नक्की खरी गोळी असती. एकदा केतकीने तो विषय स्वतःच काढला. वृंदाने तिला पुढे बोलू दिलं नाही. तेव्हा होकार मिळाला असता तर गोळी फक्त आशाताईंच्या कपाटात असती, गोठ्यात नसती, असं ती म्हणाली आणि तिने बहिणीच्या अंगावर शाल ओढली.

आबा वाचले. मूत्रपिंडं पूर्ण पूर्ववत झाली नाहीत. मीठ सोडावं लागलं, तपासण्या मागे लागल्या, पण ते आपल्या पायांनी घरी आले.

दुसरा पावसाळा सरल्यावर पटाचं कुलूप निघालं. तळपदे आले होते, सबनीसही. केतकीने वृंदाला पुढे केलं. वृंदाने एकदाच बोट ठेवलं.

ठिपके आपापल्या जागी गेले आणि पट वर येऊ लागला. टेकडी उभी राहिली. त्या पहिल्या दिवशीच्या टेकडीच्या निम्मीसुद्धा नव्हती. पण तिच्यावर धुकं नव्हतं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत स्वच्छ, थंडीतल्या सकाळी सडा-वाघापूरचं पठार दिसतं तशी. सबनिसांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि मान डोलावली. वृंदा खुर्चीत बसली. गोळी चालत होती. सगळ्यांना नाही, नेहमीच नाही, पण लगेच घेतली तर कित्येकांना डायलिसिसपासून वाचवत होती. मान्यता त्याच महिन्यात मिळाली.

त्यानंतरच कुणाला कुठलं पाकीट मिळालं हे रुग्णांना कळवायचं होतं. आबांना सांगायला केतकी स्वतः गेली. वृंदा येते म्हणत होती. केतकी म्हणाली, हे माझं आहे.

आबा ओसरीवर बसले होते. तिने आडवळण घेतलं नाही. त्यांच्या पाकिटात साधी गोळी होती, असं सांगितलं. खरी असती तर कदाचित मूत्रपिंडं वाचली असती, हेही सांगितलं, कारण ते खरं होतं. 

आबांनी समोरच्या डोंगराकडे बघितलं.

“तीस वर्षं घाटात गाडी चालवली,” ते म्हणाले. “दरीकडच्या खिडकीशी कुणाला तरी बसावंच लागतं. गाडी पोचली ना?”

“पोचली, आबा.”

“मग आता आमच्या गोठ्यात कुठली आहे?”

“आता सगळीकडे खरीच.”

त्यांनी समाधानाने मान हलवली, कोपऱ्यातली काठी घेतली आणि उठले. म्हशीची वैरण राहिली होती. केतकी म्हणाली, की तुम्ही बसा, मी काढते. आबांनी तिच्या पायांतल्या पातळ चपलांकडे बघितलं, दारामागचे स्वतःचे गमबूट तिच्यापुढे सरकवले आणि ती ते घालेपर्यंत पुढे जाऊन काठी गंजीच्या बुडाशी आपटू लागले.